राजर्षी शाहू : महागाईच्या काळातील एक गुंतवणूकदार

जुलै-ऑगस्टात राधानगरीचे धरण काठोकाठ भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्या दिवशी भोगावतीकाठच्या गावागावांत दुसरा विषय नसतो. किती दरवाजे उघडले, पाणी कुठवर आले, पंचगंगेची पातळी किती वाढली, याचीच चर्चा एस. टी. स्टँडपासून चहाच्या टपरीपर्यंत चालते. आम्ही विद्यार्थीही वर्ग सुटल्यावर हे पाणी पाहायला जातो. पण या भिंतीत एकेकाळी कोणीतरी पैसा घातला, मध्येच महागाई आली, काम थांबले, आणि पैसा घालणारा माणूस धरण पुरे झालेले न पाहताच निघून गेला, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

हा प्रश्न मनात येण्यास घरचे कारण घडले. उसाचे बिल आले, की ते पैसे कुठे ठेवायचे यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. वडील म्हणतात बँकेत ठेवू, आजी म्हणते सोने घ्या, आणि चुलते शेअर बाजाराचे नाव काढतात. शेजारच्या एका कुटुंबाची मुलीच्या लग्नासाठी जमवलेली ठेव एका पतसंस्थेत अडकली, तेव्हापासून तर हा वाद अधिकच कडू झाला आहे. बँकेत ठेवलेला पैसा बुडेल की काय ही एक भीती, आणि न बुडता तिथेच पडून राहिला तरी महागाई त्याला कुरतडून टाकील ही दुसरी भीती. अर्थशास्त्राच्या तासाला या दोन्ही भीतींची नावे शिकविली जातात. त्यांना तोंड कसे द्यावे, हे मात्र माणसांच्या चरित्रांतूनच शिकावे लागते. असे एक चरित्र आपल्या गावाच्या नावातच दडलेले आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अठ्ठावीस वर्षे त्यांनी एका संस्थानाचा खजिनाही सांभाळला. त्या काळात दोन दुष्काळ, प्लेग, बँकांची पडझड, महायुद्ध आणि प्रचंड भाववाढ एवढी संकटे येऊन गेली. हाती असलेला मर्यादित पैसा कशात घालावा, कशातून काढावा आणि कशासाठी थांबावे, हे प्रश्न त्यांना आपल्यासारखेच पडले असणार. या लेखात त्यांच्या चरित्राकडे या एकाच बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांचे अकाली निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेविले. राजकोट येथील राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्याचे होते. पाऊस पडला तर सारा वसूल होणार, नाही पडला तर राजाही अडचणीत आणि रयतही. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे, तर सगळी पुंजी एकाच समभागात अडकलेल्या माणसासारखी संस्थानाची अवस्था होती. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. ही रेल्वे कोल्हापूर दरबारच्या मालकीची होती. रेल्वे आली म्हणजे माल बाहेर जाण्याची वाट उघडली. पण वाट उघडून भागत नाही, वाटेच्या तोंडाशी बाजार हवा. तरुण महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. आपल्या भागातील गुळाला तिथे मोठी बाजारपेठ मिळाली. गुऱ्हाळावर ढेप तयार झाली, की ती अडत्याच्या दारात पडून राहण्याऐवजी रेल्वेने दूरवर जाऊ लागली, आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. व्यापाऱ्यांना बोलावून आणणे, त्यांना जागा व सवलती देणे, यात दरबारचा खर्च झाला. पण तो खर्च शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळण्यासाठी होता, आणि शेतकऱ्याला भाव मिळाला तरच सारा मिळणार होता. हा हिशेब सरळ होता.

बाजार वसतो न वसतो तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि पाठोपाठ प्लेग. धान्याचे भाव भडकले. भाववाढीत सर्वांत आधी मरतो तो रोजंदारीवर जगणारा गरीब, कारण मजुरी भावाच्या मागून लंगडत येते. महाराजांनी व्यापाऱ्यांना बोलावून धान्य आणविले, ते गरिबांना परवडेल अशा दराने विकायला लावले आणि त्यात येणारी तूट दरबारने सोसली. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली, शेतकऱ्यांना तगाई दिली. कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहांची सोयही केली. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या दोन दुष्काळांनी महाराजांना एक गोष्ट शिकविली असावी. दर दुष्काळात तूट सोसणे हा खर्च आहे, तो पुन्हा पुन्हा करावा लागेल. पाणी साठविणे ही गुंतवणूक आहे, ती एकदा करावी लागेल. १९०२ पासून संस्थानात विहिरी आणि तलाव यांची पाहणी सुरू झाली, आणि पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले गेले.

त्याच वर्षी महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. परदेशप्रवासात त्यांनी कारखाने आणि धरणे पाहिली. याच सुमारास, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघू लागली होती, त्यांनाही दरबारने जागा आणि मदत दिली. १९०६ साली शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची उभारणी सुरू झाली. त्यामुळे शेताबाहेरचा रोजगार कोल्हापुरात आला. एकाच पिकावर, एकाच पावसावर आणि एकाच धंद्यावर संस्थानाचे भवितव्य टांगून ठेवायचे नाही, ही दिशा या साऱ्या निर्णयांत दिसते. गुंतवणुकीच्या शास्त्रात याला आज जोखीम विभागणे म्हणतात.

मग आले ते आपले धरण. फेजिवडे गावाजवळ भोगावती नदी दोन डोंगरांच्या चिंचोळ्या जागेतून वाहते. तिथे दगडी भिंत बांधून सह्याद्रीचे पाणी अडवायचे, आणि उन्हाळ्यात ते नदीतून सोडायचे, म्हणजे काठची गावे ते उचलून शेताला देतील, अशी ही योजना. १९०७ साली ती हाती घेण्यात आली. १९०८ साली धरणाच्या पायथ्याशी नवे गाव वसविले गेले आणि राजकन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावावरून त्याला राधानगरी हे नाव मिळाले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. एका लहान संस्थानाने स्वतःच्या बळावर असे धरण बांधायला घेणे हे त्या काळी मोठे धाडस होते. ज्यांची शेते पाण्याखाली जाणार होती, त्यांनी याची किंमत मोजली हेही विसरता कामा नये. मोठ्या गुंतवणुकीत लाभ एकाला आणि झळ दुसऱ्याला, असे नेहमीच होते.

इथे थोडे कोल्हापूरबाहेर पाहिले पाहिजे, कारण याच वर्षांत देशाच्या पैशाच्या बाजारात मोठी उलथापालथ चालली होती. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीच्या लाटेत हिंदी माणसांनी काढलेल्या बँका भराभर उभ्या राहिल्या. १९०६ मध्ये बँक ऑफ इंडिया, १९०८ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा, १९११ मध्ये सेंट्रल बँक निघाली. त्यांच्या जोडीने कितीतरी दुबळ्या बँकाही निघाल्या. थोडे भांडवल, आकर्षक व्याज, लोकांच्या अल्पमुदतीच्या ठेवी घेऊन त्या दीर्घ मुदतीच्या धंद्यात किंवा सट्ट्यात अडकवायच्या, असा त्यांचा कारभार. १९१३ च्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक कोसळली आणि वर्ष संपण्याच्या आत मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. तिचा पैसा चांदीच्या सट्ट्यात गुंतला होता. पुढील काही वर्षांत डझनावारी बँका बंद पडल्या. ठेवीदारांची घाबरगुंडी उडाली आणि चांगल्या बँकांच्या दारांतही रांगा लागल्या. ठेवींचा विमा तेव्हा नव्हता, रिझर्व्ह बँकही नव्हती. ती १९३५ मध्ये आली.

नेमक्या याच काळात कोल्हापुरात काय घडत होते? १९१२ साली महाराजांनी संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा केला आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली. भास्करराव जाधवांसारख्या जाणत्या सहकाऱ्यांनी ही चळवळ वाढविली. एकीकडे दूरच्या शहरांतील पेढ्या अनोळखी माणसांच्या ठेवी सट्ट्यात घालून बुडत होत्या, आणि दुसरीकडे इथे एकमेकांना ओळखणारी माणसे थोडे थोडे भांडवल जमवून एकमेकांना कर्ज देऊ लागली होती. कर्ज कोण घेतो, कशासाठी घेतो, परत करील की नाही, हे सभासदांना माहीत असावे, ही सहकाराची मूळ कल्पना. सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवायचा हा तिचा हेतू, पण पैसा नजरेच्या टप्प्यात ठेवायचा हा तिचा दुसरा गुणही तितकाच मोलाचा आहे. सहकारी संस्था बुडत नाहीत असे मात्र नाही. सभासदांनी नजर काढून घेतली, की त्याही बुडतात. आमच्या शेजाऱ्यांनी ते भोगले आहे.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले. पहिल्या धक्क्यालाच लोकांनी पोस्टाच्या बचत खात्यांतून पैसे काढून घेण्यासाठी गर्दी केली. पुढे भाव चढू लागले. जहाजे युद्धाच्या कामी लागल्याने परदेशी माल येईना. लोखंड, यंत्रे, कापड, रॉकेल सारेच महागले. १९२० पर्यंत देशातील घाऊक भाव युद्धापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाले. १९१७ मध्ये चांदी एवढी महागली, की रुपयाच्या नाण्यातील चांदीची किंमत नाण्यावर लिहिलेल्या किमतीला येऊन भिडली. लोक नाणी दडवून ठेवू लागले. तेव्हा सरकारला १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची आणि लगोलग अडीच रुपयांची कागदी नोट काढावी लागली. नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची मुंबईच्या करन्सी कचेरीत रीघ लागली, आणि शेवटी १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदी विकत आणावी लागली. ठराविक व्याजाचे सरकारी रोखे सर्वांत सुरक्षित समजले जात, पण युद्धकाळात त्यांचेही बाजारभाव घसरले. व्याज तेवढेच, वस्तू दुप्पट महाग. ज्यांनी सारे काही रोख्यांत ठेवले होते, त्यांचे मुद्दल कागदावर शाबूत राहिले आणि बाजारात मात्र निम्मे झाले.

या वादळात राधानगरीची भिंत चढत होती. भाव वाढतील तसा तिचा खर्च वाढत होता. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फूट उंच झाली आणि सुमारे १४ लाख रुपये खर्च झाले. त्यापुढे काम रेटणे संस्थानाला झेपेना, आणि महाराजांनी ते थांबविले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएंझाची साथ आली.

पण त्याच काळातील दुसरा निर्णय शेजारी ठेवून पाहिल्यावाचून हा प्रसंग समजत नाही. १९१७ साली, म्हणजे महागाई ऐन भरात असताना, महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यासाठी वर्षाला सुमारे लाख रुपयांची तरतूद केली. १९१८ मध्ये धरण थांबले, शाळा थांबल्या नाहीत. त्या वाढतच गेल्या.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर हे उलटे वाटेल. धरणाने उत्पन्न वाढणार होते, आणि शाळा म्हणजे तर दरवर्षीचा खर्च. कुठल्याही सावध दिवाणाने शाळा पुढे ढकलून धरण पुरे करण्याचा सल्ला दिला असता. महाराजांनी असे का केले असावे? मला सुचणारे उत्तर असे. भिंत चाळीस फुटांवर थांबली तरी दगड जागच्या जागी राहतात. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी त्याच भिंतीवर पुढचा थर चढविता येतो. सात वर्षांचे मूल मात्र दहा वर्षे थांबत नाही. त्याचे शिकण्याचे वय गेले, की ती गुंतवणूक कायमची बुडाली. पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा काय थांबू शकते आणि काय थांबू शकत नाही, याची निवड महाराजांनी केली. महागाईत शहाणपणाने वागणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. राधानगरीची भिंत अर्धवटच होती. नफा-तोट्याच्या नेहमीच्या मापाने पाहिले, तर त्या दिवशी ही गुंतवणूक फसलेली होती. चौदा लाख रुपये डोंगरात अडकले होते आणि त्यातून भरीव लाभ हाती आलेला नव्हता. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत काम पुन्हा हाती घेण्यात आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५० च्या दशकात धरण पूर्ण झाले. आज त्यात सुमारे सव्वाआठ टी.एम.सी. पाणी साठते, पायथ्याशी वीज तयार होते, आणि भोगावती-पंचगंगेच्या काठचा ऊस कडक उन्हाळ्यातही हिरवा दिसतो. आमच्या घरी ज्या उसाच्या बिलावरून वाद होतो, ते बिलही याच पाण्याचे आहे. पैसा घालणाऱ्याला जे पाहता आले नाही, त्यावर आम्ही जगतो.

आता शेवटी घरच्या प्रश्नाकडे वळतो. छत्रपतींचे अनुकरण सामान्य माणसाने जसेच्या तसे करावे असे मुळीच नाही. राजाला चाळीस वर्षांनी फळ देणारे काम काढता येते. ज्याच्या घरी पुढच्या वर्षी लग्न आहे, त्याला येत नाही. शिवाय खजिन्यातील पैसा महाराजांचा एकट्याचा नव्हता, तो रयतेने भरलेल्या साऱ्याचा होता. काही गोष्टी मात्र आपल्यालाही उचलता येतात.

पहिली, सर्व पुंजी एकाच जागी ठेवू नये. शाहूपुरी, गिरणी, विहिरी, धरण, सहकारी संस्था आणि शाळा ही यादीच ते सांगते. दुसरी, व्याजाचा दर पाहताना महागाईचा दर वजा करून पाहावा. शंभर रुपयांवर सहा रुपये व्याज मिळाले आणि त्याच वर्षात शंभराची वस्तू एकशे आठला झाली, तर आपण सहा रुपये मिळविले नाहीत, जवळजवळ दोन गमावले. तिसरी, ज्या संस्थेत पैसा ठेवायचा तिचा कारभार पाहावा. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर आपल्या देशात ठेवींचा विमा आला. १९६८ च्या कायद्याने सहकारी बँकांनाही तो लागू होण्याची वाट खुली झाली, आणि २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेतील प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये करण्यात आली. पण हे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, आणि हा फरक ठेव अडकल्यावरच अनेकांना कळतो. एक टक्का जादा व्याजासाठी ठेव हलविण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे तरी विचारावे. चौथी, ज्या पैशाची लवकरच गरज आहे तो सट्ट्याच्या वाऱ्यावर सोडू नये. स्पेसी बँकेच्या ठेवीदारांना चांदीचे भाव कळत नव्हते असे नाही. आपला पैसा चांदीत आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

आणि पाचवी गोष्ट घरातल्या सर्वांनी मिळून ठरवायची. पैसा कमी पडला तर काय थांबवायचे? पुष्कळ घरांत अशा वेळी आधी मुलीचे शिक्षण थांबते, घराचा स्लॅब थांबत नाही. आमच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी गेल्या दोन वर्षांत याच कारणाने कॉलेज सोडून गेल्या. त्यांच्या घरच्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, त्यांच्या अडचणी त्यांना ठाऊक. पण ज्या राजाने आपल्या गावाला नाव दिले, त्याच्यापुढेही शंभर वर्षांपूर्वी असाच प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याने भिंत थांबविली होती, एवढे आपण आपापल्या घरी जाऊन सांगू शकतो. पुढच्या पावसाळ्यात दरवाजे उघडलेले पाहायला जाऊ, तेव्हा पाण्याबरोबर याचीही आठवण ठेवू या.